बडोद्याला आलात आणि ग्रीन कार्ड हरवलं, तर

ग्रीन कार्ड हरवलं की घरात सगळ्यात आधी कोणीतरी म्हणतं, "संपलं, आता परत जाता येणार नाही." असं काही नसतं. तुमचा कायम राहण्याचा हक्क अमेरिकेच्या सरकारदरबारी तुमच्या नावावर नोंदलेला असतो. मंगळ बाजारात पर्स मारली गेली म्हणून तो पुसला जात नाही. खरी अडचण एवढीच, की कार्ड दाखवल्याशिवाय विमान कंपनी तुम्हाला विमानात बसू देत नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी अमेरिकेत उतरवला तर दंड कंपनीला होतो, म्हणून विमानतळाच्या काउंटरवर कितीही हुज्जत घातली तरी उपयोग होत नाही.

नवं कार्ड बडोद्यात काय, मुंबईतही मिळत नाही. ते अमेरिकेत परत गेल्यावर मागायचं असतं. इथून मिळवायचा तो फक्त विमानात बसण्यापुरता कागद. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची धावपळ निम्म्याने कमी होते.

मी इथे मुख्यतः भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्यांबद्दल लिहितो आहे, कारण विचारायला येणाऱ्यांत तेच जास्त असतात: दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबागेतले आई-वडील, ज्यांना मुलाने किंवा मुलीने कार्ड काढून दिलंय, आणि लग्नकार्याला आलेली तरुण मंडळी. कॅनडावाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे, बाकी देशांचं थोडक्यात.

आधी घर उलथंपालथं करा

पोलिसांकडे जायच्या आधी एक दिवस शोधण्यात घालवा. पासपोर्टचं प्लास्टिकचं कव्हर काढून आतल्या कप्प्यात बघा. पासपोर्ट तपासून परत देताना अधिकारी कार्ड आत सरकवून देतात आणि ते तिथेच चिकटून राहतं. विमानात नेलेल्या बॅगेची आतली चेन, बोर्डिंग पासचं पाकीट, प्रवासात घातलेल्या जाकिटाचे खिसे, सगळं बघा. ज्येष्ठांच्या बाबतीत कपाटातल्या साड्यांच्या घड्या, देवघराचा खण आणि बँकेचा लॉकर ही तीन ठिकाणं हमखास तपासा. कार्ड "नीट ठेवलं" की ते कुठे नीट ठेवलं हे आठवत नाही.

मग अमेरिकेतल्या घरी फोन लावा. कार्ड एडिसनच्या किंवा डॅलसच्या घरी टेबलाच्या खणातच राहिलं, असंही होतं. म्हणजे ते हरवलेलंच नाही. चांगल्या कुरियरने मागवून घ्या, माग काढता येईल अशा सेवेने आणि थेट घरच्या पत्त्यावर. खाली सांगितलेल्या खटाटोपापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

शोधायला दिवस देण्यामागे आणखी एक कारण आहे. कार्ड हरवल्याचं एकदा अधिकृतपणे कळवलं आणि नंतर ते गादीखाली सापडलं, तर ते पुन्हा वापरायचा विचार करता येत नाही. कॅनडाच्या बाबतीत तर हा नियम अगदी स्पष्ट आहे: हरवलं म्हणून कळवलेलं कार्ड रद्द होतं.

आता तारीख मोजा

कार्ड नक्की गेलं अशी खात्री झाली की अमेरिकेतून निघाल्याची तारीख काढा. पुढे कोणत्या रांगेत उभं राहायचं ते या एका तारखेवर ठरतं. पासपोर्टवर मुंबई किंवा अहमदाबाद विमानतळाचा आगमनाचा शिक्का असेल, त्याच्या एखादा दिवस आधी तुम्ही अमेरिका सोडली. जुना बोर्डिंग पास किंवा ई-तिकीट ईमेलमध्ये असेलच, त्याची प्रिंट काढून ठेवा. पुरावा म्हणून ती लागणार आहे.

अमेरिकेबाहेर अजून एक वर्ष पूर्ण झालेलं नसेल, तर तुमचा मार्ग सरळ आहे. फॉर्म आय-१३१ए भरायचा आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून बोर्डिंग फॉइल, म्हणजे वर सांगितलेला विमानात बसण्यापुरता कागद, घ्यायचं. अमेरिकेतून निघण्याआधी रीएंट्री परमिट (लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याची आधीच घेतलेली परवानगी) काढून ठेवलं असेल तर ही मुदत दोन वर्षांपर्यंत धरतात.

वर्ष उलटून गेलं असेल आणि रीएंट्री परमिट नसेल, तर फॉइलचा मार्ग बंद होतो. आता मुद्दा कार्ड हरवल्याचा राहत नाही, तुम्ही अमेरिकेतलं वास्तव्य सोडून दिलंत का असा होतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

एक सुखाचा अपवादही आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. आई-वडील नुकतेच इमिग्रंट व्हिसावर पहिल्यांदा अमेरिकेत जाऊन आले असतील, तर त्यांच्या पासपोर्टमधला व्हिसा उघडून बघा. त्यावर छापलेलं असतं, की प्रवेशाचा शिक्का बसल्यावर हा व्हिसाच एक वर्षापुरता ग्रीन कार्डाचं काम करेल. शिक्क्याला वर्ष झालेलं नसेल तर त्याच पासपोर्टवर परत जाता येतं, फॉइलसाठी पैसे भरायची गरज नाही. फक्त विमान कंपनीला आधी फोन करून हे सांगून ठेवा आणि ते पान उघडून दाखवायची तयारी ठेवा. काउंटरवर नवीन माणूस असेल तर त्याला हे ठाऊक नसतं.

कार्डाबरोबर पासपोर्टही गेला असेल, तर आधी पासपोर्ट. फॉइल पासपोर्टातच चिकटवतात, त्यामुळे पासपोर्ट नसताना मुंबईची खेप फुकट जाते. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे, अहमदाबादला जावं लागत नाही. दोन्हीसाठी पोलिसांचा कागद एकच पुरतो, म्हणून तक्रारीत दोन्ही वस्तू लिहून घ्या.

पोलिस स्टेशनात काय लिहून घ्यायचं

वस्तू जिथे हरवली त्या हद्दीतलं पोलिस स्टेशन. रेल्वेत किंवा स्टेशनवर गेली असेल तर रेल्वे पोलिस, त्यांचं ठाणं बडोदा स्टेशनवरच आहे. कुठे गेली तेच माहीत नसेल तर घराच्या हद्दीतलं. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते, पण वकिलातीत दाखवायला सही-शिक्क्याचा कागद हातात असलेला बरा, म्हणून मी प्रत्यक्ष जायला सांगतो.

चोरी झाली हे नक्की असेल तर एफआयआर. नुसतंच हरवलं असेल तर इथे "जाणवाजोग", म्हणजे नुसत्या नोंदीचा, अर्ज घेतात. नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या (पी.एस.ओ.) टेबलाशी बसल्यावर ते विचारतील, "शुं खोवायुं?" तुम्ही म्हणाल ग्रीन कार्ड, आणि कागदावर उतरेल "अमेरिकानुं कार्ड, एक नंग". एवढ्यावर उठू नका. घरून एका चिठ्ठीवर सगळं लिहून न्या आणि नम्रपणे सांगा की साहेब, हे असंच इंग्रजी अक्षरांत टाका: परमनंट रेसिडेंट कार्ड, देणारं सरकार अमेरिकेचं, कार्डावरचं नाव पासपोर्टाबरहुकूम, नऊ आकडी ए-नंबर (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यातला तुमचा क्रमांक), हरवल्याची तारीख, वेळ आणि जागा. पर्समध्ये रोकड किती होती, डेबिट कार्ड कोणत्या बँकेचं होतं, हे वेगळ्या ओळीत. "पर्स कागदपत्रांसह हरवली" एवढंच लिहिलेला कागद मुंबईत काही कामाचा नाही.

ए-नंबर पाठ नसेल तर जुन्या पासपोर्टातल्या इमिग्रंट व्हिसावर तो छापलेला असतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून आलेल्या नोटिसांवरही असतो. मुलाकडे किंवा मुलीकडे तुमच्या फाइलची स्कॅन असेल. कार्डाचा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतो, घरातल्या सगळ्यांना विचारा.

एक सावधगिरी घ्या. चोरी झाल्याची खात्री नसेल तर "चोरी" लिहू नका. एफआयआरचा कागद जास्त वजनदार दिसतो असा काहींचा समज असतो, पण पोलिसांकडे एक आणि वकिलातीच्या फॉर्मवर दुसरंच असं झालं की खिडकीपलीकडचा अधिकारी पुढचे दहा प्रश्न विचारतो.

कागद गुजरातीत मिळाला की त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि दोन ओळी हव्यात: मला दोन्ही भाषा येतात, आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. अमेरिकेला यासाठी सरकारमान्य भाषांतरकार लागत नाही, दोन्ही भाषा नीट येणारी कोणीही व्यक्ती चालते. फक्त अर्जदाराने स्वतः करू नये. शेजारच्या शिक्षिका काकू चालतील.

नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आणा, असं कोणी ना कोणी सुचवणारच. आय-१३१ए साठी ते मागत नाहीत. पासपोर्टही हरवला असेल, तरी त्यासाठी साध्या कागदावरचं स्वतःच्या सहीचं निवेदन चालतं. तरीही नोटरी लागलाच तर जुन्या सवयीने सुरसागरच्या काठी न्यायमंदिराकडे जाऊ नका, कोर्ट तिथून हललं, नोटरी आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टाच्या आसपास बसतात.

आय-१३१ए आणि पाचशे पंचाहत्तर डॉलर

फी आहे ५७५ डॉलर, माणशी. नवरा-बायको दोघांची कार्डं एकाच पर्समध्ये गेली असतील तर दोन अर्ज आणि दोन फी. ती परत मिळत नाही, म्हणून भरण्याआधी वरची तारखेची खात्री पुन्हा एकदा करा. वर्ष उलटलेलं असताना घाईने फी भरली तर पैसे गेले, हाती काही नाही.

क्रम असा. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवेच्या संकेतस्थळावर आधी फी ऑनलाइन भरायची आणि पावती छापून घ्यायची. मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीशी त्यांच्या संकेतस्थळावर दिलेल्या पद्धतीने संपर्क साधून प्रत्यक्ष भेटीची वेळ घ्यायची. गुजरात मुंबईच्या अखत्यारीत येतं, दिल्लीला जायचं कारण नाही. पैसे भरताना पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह आहे ना ते बघा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं आहेत, ती फॉर्म "भरून देण्याचे" वेगळे पैसे उकळतात.

शहरात व्हिसाच्या पाट्या लावून बसलेले सल्लागारही यात उडी घेतात. "आमची मुंबईत ओळख आहे, आठ दिवसांत कार्ड आणून देतो" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर जरूर घ्या, त्याचे वाजवी पैसेही द्या. पण ज्याला भेटीला जायचंय त्यालाच जावं लागतं, अधिकारी त्याच्याशीच बोलतो.

फाइलमध्ये ठेवायचे कागद असे: भरलेला फॉर्म, फीची पावती, पासपोर्ट आणि त्याच्या पानांच्या झेरॉक्स, कायम रहिवासी असल्याचा मिळेल तो पुरावा, अमेरिका सोडल्याच्या तारखेचा पुरावा, परतीच्या प्रवासाचा तपशील, पोलिसांचा कागद भाषांतरासह, आणि फोटो. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणजे कार्डाची प्रत, इमिग्रंट व्हिसाचं पान, मंजुरीची नोटीस. काहीच नसेल तरी अर्ज करता येतो, सरकारी नोंदीवरून ते तपासून घेतात, फक्त वेळ जास्त जातो.

फोटोचं वेगळं सांगतो, कारण त्यावरून खेप वाया जाते. स्टुडिओत नुसतं "पासपोर्ट फोटो" म्हटलं की आपल्याकडे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा काढून देतात. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, म्हणजे ५१ बाय ५१ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून. स्टुडिओवाल्याला "यू.एस. व्हिसा साइझ" म्हणा, त्याला कळतं. आजोबा चष्म्याशिवाय वेगळेच दिसतात, अशी तक्रार आजी करतील, करू द्या.

मुंबईचा दिवस

वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचणं शक्य आहे, पण साठीच्या पुढच्यांना मी आदल्या दिवशी जायला सांगतो. मुंबईत नातेवाईक नाही असा बडोद्याचा मराठी माणूस विरळाच. बोरिवलीला उतरून नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि बॅग, मोबाइल, चार्जर, स्मार्टवॉच सगळं तिथेच ठेवून जावं. वकिलातीत मोबाइल आणि बॅगा नेता येत नाहीत. पासपोर्ट आणि कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये, थोडी रोकड खिशात आणि सोबत्याचा फोन नंबर कागदावर लिहून. मोबाइल नसताना मुलाचा नंबर पाठ नाही आणि बाहेर आल्यावर कोणाला शोधायचं कळत नाही, अशी फजिती टाळा.

आत प्रश्न साधे असतात. कार्ड कधी हरवलं, कुठे हरवलं, अमेरिकेतून कधी निघालात, कशासाठी आलात, तिकडे कुठे राहता, परत कधी जायचंय. हिंदीत किंवा गुजरातीत बोलायचं असेल तर तसं सांगा. "मी तर तिकडे उन्हाळ्यात दोन महिने मुलाकडे जाते, बाकी इथेच असते" असं भाबडेपणाने सांगणाऱ्या काकू मला माहीत आहेत. ते खरं असेल तर खोटं बोलू नकाच, पण मग समजून घ्या की ग्रीन कार्ड हा भेटीगाठींचा व्हिसा नाही. वर्षातले बहुतेक महिने बडोद्यात घालवणाऱ्यांना हा प्रश्न कार्ड असलं तरी एक ना एक दिवस अमेरिकेच्या विमानतळावर विचारला जातोच. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहून परतणाऱ्यांची चौकशी विशेष होते. आई-वडील मन लावून इथेच राहणार असतील तर व्हिजिटर व्हिसा त्यांच्यासाठी जास्त सोयीचा, असं माझं मत आहे. त्यावर मुलांशी शांतपणे बोलून घ्यावं.

अर्ज मंजूर झाला की पासपोर्टात फॉइल लावून मिळतं. ते एका प्रवेशापुरतं असतं आणि त्याची मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. त्या मुदतीत तुम्ही विमानात बसलं पाहिजे.

तिकिटाची गोम

म्हणूनच फॉइल हातात येईपर्यंत न बदलता येणारं तिकीट घेऊ नका. जुनं तिकीट असेल तर रद्द करण्याऐवजी तारीख पुढे ढकलता येते का बघा.

दुसरी गोष्ट वाटेतल्या विमानतळाची. भारतीय पासपोर्टवर युरोपात किंवा लंडनमध्ये विमान बदलताना आपल्याला ट्रान्झिटची जी सवलत मिळते, ती बरेचदा खिशातल्या ग्रीन कार्डाच्या जोरावर मिळत असते. आता ते कार्ड नाही. फॉइलवर ती सवलत मिळेलच असं धरून चालू नका. मुंबई किंवा दिल्लीहून थेट न्यूयॉर्कचं विमान घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. तिकीट आधीच काढलेलं असेल तर विमान कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तराची प्रिंट बरोबर ठेवा. फोनवर "हो हो चालेल" म्हणणारा काउंटरवर सापडत नाही.

वर्ष उलटलेलं असेल तर

इथे घाई नको आणि भीतीही नको. परत येणाऱ्या रहिवाशासाठी एसबी-१ नावाचा व्हिसा असतो. त्यासाठी फॉर्म डीएस-११७ भरून वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. त्याची फी १८० डॉलर. मंजूर झालं तर पुढे इमिग्रंट व्हिसाची फी आणि वैद्यकीय तपासणी.

तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. अमेरिका सोडताना तुम्ही कायदेशीर कायम रहिवासी होतात. निघताना परत जायचाच इरादा होता आणि तो आजही आहे. आणि इतका काळ राहावं लागलं ते तुमच्या हातात नसलेल्या कारणाने. शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. हॉस्पिटलचे कागद, डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेच्या तारखा, प्रवास करू नये असं लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, याला वजन असतं. घराचं रंगकाम, नातवाची मुंज, भाडेकरूचा खटला यांना फारसं नसतं. इरादा दाखवायला तिकडचं बँक खातं, भरलेला आयकर, घराचा पत्ता, आधी काढलेलं परतीचं तिकीट उपयोगी पडतं. हा अर्ज करण्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या, एजंटाचा नको. इथे पैसे वाचवू नयेत.

पुढच्या वेळी बडोद्यात लांबचा मुक्काम होणार असं दिसत असेल तर रीएंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर आठवून उपयोग नाही.

कॅनडाचं पीआर कार्ड

पद्धत वेगळी, तत्त्व तेच. नवं पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवाशाचं कार्ड, कॅनडाबाहेर मिळत नाही, विमानात बसायला परमनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट घ्यावं लागतं. त्याला सगळे पीआरटीडी म्हणतात. फी ५० कॅनेडियन डॉलर, अर्ज ऑनलाइन. मंजुरी आली की पासपोर्ट व्हिसा अर्ज केंद्रात जमा करायचा. अहमदाबादला केंद्र आहे, बडोद्याहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

कॅनडा विचारतं ते दिवसांचं गणित: गेल्या पाच वर्षांत ७३० दिवस तुम्ही कॅनडात होतात का? सलग असायला हवेत असं नाही. पासपोर्टातले सगळे शिक्के समोर ठेवून तारखांचा तक्ता बनवा आणि बेरीज दोनदा तपासा, कारण अर्जात तोच लिहायचा असतो. जोडीला तिथल्या आयकराची नोटीस, पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार. नुकतेच पीआर झालेल्यांना पाच वर्षं झालेली नसतात, त्यांनी उरलेल्या काळात ७३० दिवस भरू शकतात एवढं दाखवलं तरी पुरतं. फोटोचं माप इथे ५० बाय ७० मिलिमीटर आणि मागे स्टुडिओचं नाव, पत्ता आणि काढल्याची तारीख हवी. रावपुऱ्यात कितीही घाईत फोटो काढला तरी मागचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

दिवस कमी भरत असतील तर कारणं सविस्तर लिहा. आजारी आईची सेवा, मुलांची परिस्थिती अशी मानवी कारणं विचारात घेतात. अर्ज नाकारला तर साठ दिवसांत अपील करता येतं.

ज्यांच्या पासपोर्टात अमेरिकेचा वैध व्हिसा आहे त्यांना आणखी एक वाट आहे. अमेरिकेत उतरून खासगी गाडीने जमिनीवरच्या सीमेवरून कॅनडात जाणं. तिथे विमान कंपनी मध्ये नसते. सीमेवरचा अधिकारी तुमची ओळख आणि रहिवासाची नोंद तपासून आत सोडतो. ओळखीचा कोणी सीमेजवळच्या बफेलोहून न्यायला येणार असेल तर ठीक. फक्त यासाठी एकट्या आजींना पाठवू नका. आणि बसने किंवा आगगाडीने हे जमेलच असं नाही.

बाकी देश

ब्रिटनचं बीआरपी, म्हणजे रहिवासाचं, कार्ड हरवलं असेल तर फार काळजी करू नका. ती कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या (यूकेव्हीआय) ऑनलाइन खात्यात लॉगिन करा आणि सध्याचा पासपोर्ट त्या खात्याला जोडलेला आहे ना ते बघा. नवा पासपोर्ट काढला आणि जोडलाच नाही, मग विमान कंपनीच्या संगणकावर काहीच दिसत नाही, असं व्हायला नको. खातं उघडलंच नसेल तर बडोद्यात बसूनही उघडता येतं.

जर्मनीचं कार्ड हरवलं तर तीन फोन. जर्मनीत राहता त्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा, कार्डाची ऑनलाइन ओळख चालू केली असेल तर ११६ ११६ या क्रमांकावर, जर्मनीचा कोड ४९ लावून, ती बंद करा, आणि मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे पुनर्प्रवेशाच्या व्हिसासाठी अर्ज करा. साधारण परवाना सहा महिने बाहेर राहिल्यावर संपतो, ब्लू कार्डला (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) बारा महिने मिळतात, तेवढं लक्षात ठेवून तारीख पकडा.

दुबई-अबूधाबीवाल्यांच्या पासपोर्टवर २०२२ पासून रहिवासाचा स्टिकर लागत नाही, सगळं एमिरेट्स आयडीवर आणि सरकारी नोंदीत असतं. आयडी हरवला तर कंपनीच्या पीआरओला (सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला) लगेच कळवा आणि सरकारी अ‍ॅपमधली डिजिटल प्रत उघडते का बघा. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर साधा रहिवास आपोआप रद्द होतो, गोल्डन व्हिसाला ती अट नाही.

परत पोचल्यावर

अमेरिकेत उतरल्यावर नव्या कार्डासाठी फॉर्म आय-९०. ऑनलाइन फी ४१५ डॉलर, कागदी अर्जाला ४६५. कार्ड यायला महिने लागू शकतात. मधल्या काळात पुरावा लागला तर इमिग्रेशन सेवेच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मागता येतो. नोकरी बदलत असाल तर ड्रायव्हिंग लायसन्स आणि कोणतीही अट न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड एवढ्यावरही मालकाचं काम भागतं, ग्रीन कार्डच दाखवा असा हट्ट त्याला धरता येत नाही. कॅनडात पोचल्यावर नव्या पीआर कार्डासाठी पुन्हा ५० डॉलर आणि कार्ड कसं हरवलं याचं शपथेवरचं निवेदन.

नवं कार्ड आल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचा स्कॅन बडोद्यातल्या एका आणि तिकडच्या एका माणसाकडे ठेवा. अठरा वर्षांवरील रहिवाशाने अमेरिकेत असताना कार्ड सतत जवळ बाळगावं असा तिथला कायदा आहे, पण बडोद्यात ते कोणी मागत नाही. इथे आल्यावर पर्समधून काढून घरातल्या कपाटात पासपोर्टाबरोबर ठेवा आणि कुठे ठेवलं ते घरातल्या आणखी एकाला दाखवा. बँकेच्या लॉकरात नको. परतीचं विमान भाऊबीजेच्या रात्रीचं असतं आणि बँक बंद असते.

आणि जुनं कार्ड पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं, तर ते आठवण म्हणून ठेवू नका आणि वापरू तर नकाच. नवं आलेलं असेल तर जुनं त्या त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याकडे पोस्टाने परत पाठवायचं.